डेड म्हणे! आधी लेन बघा

बोलिंगच्या लीगमध्ये वापरलेला बॉल घेतला म्हणून सांगितलं की समोरचा माणूस आधी बॉलकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि म्हणतो, "डेड असणार." एवढं बोलून तो आपला नवाकोरा बॉल पुसायला लागतो. मला हा निकाल पटत नाही. माझ्या जुन्या बॉलनं एका लेनवर माझी पार लाज काढली आहे आणि त्यानंच दुसऱ्या लेनवर नव्या बॉलवाल्यांना मान खाली घालायला लावली आहे. मेलेली वस्तू असं करत नाही.

बॉल आहे स्टॉर्म कंपनीचा हाय-रोड, १४ पौंडी. हे मॉडेल फार वर्षं टिकलंय. दर सहा महिन्यांनी नवं नाव काढणाऱ्या या धंद्यात ते अपवादच. यूटामधल्या ब्रिगम सिटीची ही कंपनी बॉलमध्ये सुगंध मिसळते, त्यामुळे नवा बॉल खोक्यातून काढला की मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा सुगंध उडून गेला होता. आला तेव्हा त्याला गॅरेजचा वास होता. लीगमधल्या एका आजोबांनी खांद्याच्या ऑपरेशननंतर खेळ सोडला, त्यांनी तो मला २५ डॉलरला दिला. "घेऊन जा, नाहीतर बायको त्यात कुंडी करेल," म्हणाले.

मी मिल्वॉकीजवळ राहते. सांगलीहून आलेल्या बाईनं बोलिंग खेळावं याचं घरी नवल वाटतं, पण या गावात न खेळणं जास्त अवघड. अमेरिकन बोलिंग काँग्रेसचं मुख्यालय कित्येक दशकं इथं होतं. २००५ मध्ये पुरुषांच्या, बायकांच्या, मुलांच्या संघटना एक होऊन यूएसबीसी ही खेळाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय संघटना झाली आणि २००८ मध्ये मुख्यालय टेक्सासातल्या आर्लिंग्टनला गेलं. इथल्या जुन्या खेळाडूंना ते अजून खुपतं.

ज्यांनी बोलिंग फक्त मॉलमध्ये, वाढदिवसाच्या पार्टीत खेळलंय त्यांना लेनवर तेल असतं हेच माहीत नसतं. मलाही इथं येईपर्यंत नव्हतं. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट, रुंदीला ३९ पट्ट्या, त्यांना बोर्ड म्हणतात. यातल्या पहिल्या साधारण ४० फुटांवर एक यंत्र फिरून तेलाचा थर देतं. अख्ख्या लेनला मिळून २० ते ३० मिलिलिटर. भाजीच्या फोडणीला जेवढं घालतो तेवढंच म्हणा. पुढचे २० फूट कोरडे. पूर्वी हे तेल लाकूड झिजू नये म्हणून लावायचे. आता खेळ सोपा करायचा की अवघड, ते तेल कुठं किती टाकलं यावर ठरतं. आणि ते डोळ्यांना दिसत नाही! लेन सगळीकडे सारखीच चकचकते. तेल कुठं आहे ते बॉल सांगतो, तोही टाकल्यानंतर.

तेलात घर्षण जवळजवळ नसतं, कोरड्या भागात ते पाचपट होतं. म्हणून फिरकी देऊन टाकलेला बॉल आधी सरळ घसरतो, मग कोरड्याला लागला की पकड घेतो, वळतो आणि शेवटी नुसता गडगडत जातो. हाच हुक. पिनांमध्ये तो साधारण सहा अंशांच्या कोनातून शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे एकाच फटक्यात दहाही पिना पडायची, शक्यता सगळ्यांत जास्त. सरळ टाकणाऱ्याला हा कोन मिळत नाही, म्हणून सगळी मंडळी हुकच्या मागे लागलेली असतात.

बॉलचं बाहेरचं कवच, म्हणजे कव्हरस्टॉक, इथं महत्त्वाचं. हल्लीच्या रिअ‍ॅक्टिव्ह बॉलचं कवच सूक्ष्म छिद्रांचं असतं आणि लेनवरचं तेल शोषून घेतं. शोषतं म्हणूनच पकड घेतं. पण शोषलेलं जाणार कुठं? शेकडो गेम झाले की कवच तेलानं भरून जातं आणि नवं तेल आत जायला जागा उरत नाही. दुसरीकडे लेनवर घासून घासून पृष्ठभागावरचा बारीक खरखरीतपणा मोडतो आणि बॉल जिथं लेनला टेकतो तो पट्टा गुळगुळीत होतो. लोक "डेड" म्हणतात ते या दोन्ही गोष्टींना मिळून. पहिलीवर उपाय आहे, दुसरीवर तर फारच सोपा आहे. यूएसबीसीच्या अभ्यासातही बॉलच्या चालीवर सर्वांत जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणून पृष्ठभागाचा खरखरीतपणाच वर आला. आतल्या गाभ्याचे आकडे त्यानंतर. जाहिरातीत मात्र गाभ्याचीच चित्रं असतात. खरखरीतपणाचं चित्र कसं काढणार म्हणा.

आजोबांचा पंजा माझ्या दीडपट. अंगठ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर, म्हणजे स्पॅन, जुळलं नाही तर मनगटाची वाट लागते, त्यामुळे सगळी भोकं बुजवून नवी पाडणं भाग होतं. शिवाय बॉलला एक चौथं भोक होतं, तोल साधण्यासाठी पाडलेलं. २०२० च्या १ ऑगस्टपासून असं भोक चालत नाही. बॉलला असलेल्या प्रत्येक भोकात टाकताना बोट असलंच पाहिजे. म्हणजे तेही बुजवा. प्रो शॉपवाल्यानं, म्हणजे बॉल विकणाऱ्या आणि भोकं पाडून देणाऱ्या दुकानदारानं, राळ ओतली, ती घट्ट होऊ दिली, घासून सपाट केली, माझ्या हाताच्या मापानं भोकं पाडली, बोटांच्या जागी रबरी नळ्या बसवल्या. बिल शंभर डॉलरच्या आसपास. "पंचवीसचा बॉल आणि शंभराची भोकं," तो म्हणाला. थोडे आणखी घातले असते तर नवा आला असता, हे मला माहीत होतं. पण मला हा बॉल टाकून बघायचा होता. आजोबा त्यावर किती शांतपणे स्पेअर मारायचे, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या फटक्यात पाडायचे, ते मी पाहिलं होतं.

पहिली परीक्षा बुधवारच्या लीगमध्ये, ताज्या तेलावर. आमच्या सेंटरमध्ये नेहमीचा हाऊस पॅटर्न असतो: मधे भरपूर तेल, दोन्ही कडांना अगदी कमी. खेळणाऱ्याला माफ करणारा पॅटर्न हा. बॉल चुकून बाहेर गेला तर कोरड्यावर पकड घेऊन परत येतो, आत गेला तर तेलात घसरून जागेवर राहतो. अशा माफीच्या लेनवरही माझा बॉल घसरतच गेला. लेनवर काढलेल्या दुसऱ्या बाणावरून, म्हणजे दहाव्या बोर्डवरून, टाकलेला बॉल वळायचा विचार पिनांजवळ गेल्यावर करत होता. पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या आणि तिच्या मागच्या पिनेच्या मधल्या फटीत, लागला तरी जोर नाही; पिनांनीच त्याला बाजूला ढकलायचं. कोपऱ्यातली १० नंबरची पिन पुन्हा पुन्हा उभी. कधी ५ आणि ७, कधी ८ आणि १०. हलक्या फटक्याची ही खूणच असते. शेजारच्या लेनवरचे नव्या बॉलवाले काही बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणंही ऐकू येत होतं.

मग घरी स्नान. बादलीत गरम पाणी, पण हात घालवेल एवढंच. ५५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की कवचाला तडा जायची भीती. भांडी घासायच्या साबणाचे थेंब, भोकांवर चिकटपट्टी, आणि वीस मिनिटं बॉल बुडवून ठेवायचा. प्रो शॉपमध्ये यासाठी यंत्रं असतात, पण मला तेल निघताना बघायचं होतं. निघतं हो! पाण्यावर पिवळट तवंग येतो आणि बॉल बाहेर काढला की अंगावर बारीक थेंब जमतात. पुसायचा, पाणी बदलायचं, परत बुडवायचा, तवंग येईनासा होईपर्यंत. आई तेव्हा सांगलीहून आली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "दुसऱ्याचं तेल काढायला एवढं पाणी? तुझ्या केसांना कधी एवढा वेळ देतेस का?" (कृपा करून कोणी हे घरच्या ओव्हनमध्ये करू नका. लोक करतात. मग गाभा आणि कवच वेगवेगळ्या दिशांनी फुगतात आणि बॉल फुटतो.)

यानंतर अ‍ॅब्रालॉनची चकती. ही घासायची फोमची चकती असते, १८० पासून ४००० नंबरपर्यंत. नंबर लहान तितकी खरखरीत. कारखान्यातून हाय-रोड १५०० वर घासून पॉलिश केलेला येतो. मी पॉलिश काढून टाकलं आणि २००० वर घासून तसाच ठेवला, मॅट. पुढच्या बुधवारी तोच बॉल, तीच लेन, तोच दहावा बोर्ड, आणि तो सात-आठ फूट आधीच वळायला लागला. १० नंबरची पिन पडायला लागली. नव्या बॉलसारखा तो शेवटी झपकन वळत नाही, गोल कमान काढून जातो. मला कमान आवडते. किती वळेल त्याचा अंदाज येतो.

पण त्याची खरी गंमत ताज्या तेलावर नाहीच. रात्रीच्या तिसऱ्या गेममध्ये आहे.

पहिल्या दोन गेममध्ये दहा माणसं त्याच दहाव्या बोर्डवरून टाकत असतात. प्रत्येकाचा बॉल तिथलं तेल पिऊन घेतो. तिसऱ्या गेमपर्यंत त्या वाटेवर तेल उरलेलंच नसतं. याला आमच्याकडे "लेन जळली" म्हणतात. आता नवे, खरखरीत, जोरकस बॉल पंचवीस-तीस फुटांवरच पकड घेतात, पहिली पिन ओलांडून डावीकडे जातात किंवा आधीच सगळा जोर संपवून पिनांपाशी थकून पोहोचतात. उजव्या हातानं खेळणारे सगळे मग डावीकडे सरकत जातात, पाय दोन बोर्ड तर नजर एक बोर्ड, तेल शोधत. एक गडी तर शेवटी बॉल परत येतो त्या यंत्राला, म्हणजे बॉल रिटर्नला, खेटून उभा राहतो आणि अख्खी लेन ओलांडून टाकतो. बघायला छान, पण स्पेअरला उपयोग नाही.

माझा बॉल अशा वेळी घाई करत नाही. पोटात थोडं तेल अजून आहेच, दर महिन्याला थोडं निघतं, सगळं कधी निघत नाही. त्यामुळे जळलेल्या वाटेवरही तो वेडावाकडा होत नाही. मी दोन बोर्ड सरकते, फार तर चार. माझा तिसरा गेम हल्ली बहुतेक वेळा तिन्ही गेममध्ये सर्वांत मोठा असतो, आणि याचं श्रेय माझ्या मनगटाला नाही. जे "मेलेपण" पहिल्या गेममध्ये दोष होतं, तेच दोन तासांनी हवंहवंसं होतं. प्रो शॉपवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग दोन बॉल आण ना, एक पहिल्या गेमसाठी." त्याचा धंदाच तो आहे.

उन्हाळ्यातल्या स्पोर्ट लीगची गोष्ट वेगळी. तिथे माफी नाही. मधलं आणि कडेचं तेल यांतला फरक हाऊस पॅटर्नपेक्षा खूपच कमी ठेवतात, त्यामुळे चूक झाली की झाली. व्यावसायिकांच्या पीबीएनं असल्या पॅटर्नना प्राण्यांची नावं दिली आहेत: चीता, व्हायपर, कॅमेलियन, स्कॉर्पियन, शार्क. चीता आखूड, शार्क लांब. आडाखा बांधायला ३१ चा नियम वापरतात. पॅटर्न जितक्या फुटांचा त्यातून ३१ वजा करा. तेल संपतं तिथं बॉल साधारण तितक्याव्या बोर्डवर असावा. ३५ फुटांचा असेल तर चौथा बोर्ड, म्हणजे गटरच्या कडेकडेनं जाणं आलं. ४५ फुटांचा असेल तर चौदावा.

आखूड पॅटर्नवर माझा जुना बॉल झक्कास चालला. तेल लवकर संपतं, पुढे कोरडं रान भरपूर, नवे बॉल तिथं बेफाम उधळतात. बरेच जण अशा वेळी युरेथेनचा बॉल काढतात, कारण तो तेल फारसं शोषत नाही आणि संथ वळतो. मी हाय-रोडवर परत पॉलिश चढवलं आणि कडेनं टाकला. युरेथेनची सर आली नाही, पण वेगळा बॉल विकत घ्यावा इतकी उणीवही भासली नाही.

लांब पॅटर्नवर मात्र सपशेल हार. ४५ फूट तेल, पुढे उरले १५ फूट. तेवढ्यात पकड घेऊन वळायचं तर कवच तहानलेलं हवं आणि खरखरीत हवं. मी १००० वर घासला, मग ५०० वर. वळला थोडा, पण ५०० वरची ती धार दोन गेममध्ये गेली, आणि खेळ सुरू झाल्यावर बॉल परत घासायला नियमाची परवानगी नाही. २०१९ च्या ऑगस्टपासून ओल्या फडक्यानंही पुसता येत नाही, फक्त कोरडा टॉवेल. तेलानं न्हालेला बॉल कोरड्या टॉवेलनं कितीही पुसा. तिथं जुना बॉल नेऊ नये, एवढंच माझं मत झालंय, आणि यात कुठलाही उपाय, स्नान, चकती मला पटवू शकलेली नाही. त्या रात्री बॅगेत दुसरा बॉल लागतोच.

याच्या अगदी उलट, कोरड्या टोकाला शनिवार रात्रीचं कॉस्मिक बोलिंग. दिवे बंद, गाणी मोठ्यानं, पोरंटोरं, आणि लेनला सकाळनंतर तेल पाहिलेलं नाही. मुलीच्या मैत्रिणींना घेऊन जाते तेव्हा हाच बॉल, पॉलिश करून. तरीही वळतोच. खरं तर तिथं प्लॅस्टिकचा, सरळ जाणारा बॉल हवा, जो बाकीचे स्पेअरसाठी ठेवतात. पण मुलींसमोर हुक दाखवायची हौस कुणाला नसते?

आणि एकदा लाकडावर. मिल्वॉकीत हॉलर हाऊस नावाचा बार आहे, त्याच्या तळघरात १९०८ सालच्या दोन लेन आहेत. मान्यताप्राप्त लेनमध्ये देशातल्या सर्वांत जुन्या म्हणतात. खऱ्या लाकडाच्या. पिना उभ्या करायला यंत्र नाही, मागे माणूस असतो. वरच्या छताला बायकांच्या सह्या केलेल्या ब्रा टांगलेल्या असायच्या, त्याबद्दल मी आईला काही सांगितलं नाही. आज बहुतेक सेंटरमध्ये लेन कृत्रिम थराच्या असतात, कडक आणि एकसारख्या. लाकूड तसं नाही. पूर्वी लेन बनवताना सुरुवातीचे पंधरा फूट, जिथं बॉल आदळतो तिथं, कठीण मेपल घालत आणि पुढं मऊ पाइन. तळघरात माझा बॉल पहिल्यांदा टाकला तेव्हा तो लाकडावर खणखणला नाही, घुमला. किती वळेल याचा माझा सगळा हिशेब पहिल्या दोन फ्रेममध्ये, म्हणजे डावांत, कोलमडला, कारण दोन लेनचा स्वभावही एकमेकींसारखा नव्हता. डावीकडची जास्त ओढत होती. नव्या बॉलनं तिथं काय केलं असतं कुणास ठाऊक. माझ्यासोबतच्यानं त्याचा महागाचा बॉल गाडीतच ठेवला, ओरखडे पडतील म्हणून. जुन्या बॉलला ही भीती नाही.

वापरलेला बॉल घ्यायचाच असेल तर रंग आणि चकाकी बघू नका. चकाकी पाच मिनिटांत आणता येते आणि बहुतेक वेळा ती गुळगुळीतपणा लपवायलाच आणलेली असते. भोकांच्या मधल्या पुलावर आणि बुजवलेल्या जागांच्या कडेनं नखानं तडे चाचपा. तडा गेलेला बॉल कुठल्याच लेनवर चालत नाही. घेरावर तेलाच्या रेघा जिथं पडतात तो पट्टा बोटानं बघा; उरलेल्या बॉलपेक्षा फारच गुळगुळीत असेल तर घासण्याचा खर्च धरा. वजन तराजूवर करून घ्या. भोकं बुजवायचा खर्च आधी विचारा.

आणि लीगमध्ये खेळणार असाल तर यूएसबीसीची मान्य बॉलची यादी बघा. युरेथेनवाल्यांनी विशेष. हॅमर कंपनीच्या पर्पल हॅमरचे २०१६ आणि २०१७ मध्ये बनलेले बॉल ठरावीक कडकपणापेक्षा मऊ निघाले म्हणून २०२२ मध्ये मान्यताप्राप्त स्पर्धांतून बाद झाले. त्याच वर्षी स्टॉर्मच्या स्पेक्टरचीही मान्यता गेली. असे बॉल अजून लोकांच्या गॅरेजमध्ये पडून आहेत आणि विकायलाही निघतात. पर्पल हॅमर हातात आला तर त्यावरचा सीरियल नंबर यादीशी ताडून पाहा, मगच पैसे काढा.